गंभीर आजारात तज्ज्ञ परिचारिका कशी शोधावी?

घरात कोणी गंभीर आजारी पडले म्हणजे आपण सर्वजण दोनच गोष्टींची चौकशी करतो. डॉक्टर कोण आहे, आणि तेथे मशिनरी कोणती आहे. कोणी म्हणते अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, कोणी म्हणते तमक्या दवाखान्यात व्हेंटिलेटर आहे. परंतु डॉक्टर राउंड घेऊन निघून गेल्यानंतर रात्रभर आपल्या रुग्णाजवळ कोण असणार आहे, तिचे शिक्षण काय आणि तिच्याकडे किती रुग्ण आहेत, हे विचारणारा नातेवाईक शेकड्यात एखादाच आढळतो. आम्हीही कधी विचारले नव्हते. ते का विचारले पाहिजे आणि कसे विचारले पाहिजे, हे आमच्या बांधवांसमोर मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे. आम्ही वैद्यकीय क्षेत्रातील नाही, बँकेत कारकुनी करणारे आहोत. तेव्हा येथे जे लिहीत आहोत ते अनुभवाने व माहीतगारांना विचारून मिळविलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या आत्याबाईंच्या आतड्याला पीळ पडला. जवळच्याच एका लहान दवाखान्यात ऑपरेशन झाले. ऑपरेशन चांगले झाले, असे डॉक्टरांनी सांगितले व ते खरेही होते. दुसऱ्या रात्री आम्ही सोबतीला होतो. मध्यरात्रीनंतर आत्याबाईंचा श्वास भराभर चालू लागला. हाक मारली तर डोळे उघडत, परंतु नाव विचारले तर भलतेच उत्तर देत. पांढरा कोट घातलेल्या मुलीला आम्ही बोलाविले. ती म्हणाली, "काका, आजींना झोप लागलीय, उठवू नका."

पहाटे सव्वापाचच्या सुमारास आमची नजर खाटेला अडकविलेल्या तक्त्यावर गेली. दर दोन तासांनी नाडी ८०, श्वास १८, रक्तदाब १२० आणि ८०. सर्व नोंदी एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेल्या. आणि सकाळी सहा वाजताची नोंदसुद्धा आधीच करून ठेवलेली! आमची उमर लेजर तपासण्यात गेली. पुढच्या वेळेची नोंद आत्ताच लिहिलेली दिसली म्हणजे काय समजायचे, हे कारकुनाला कोणी शिकवावे लागत नाही. रात्रभर आत्याबाईंची नाडी कोणी पाहिलीच नव्हती.

आम्ही डॉक्टरांना उठविले. त्यांनी येऊन पाहिले व मोठ्या रुग्णालयात हलविण्यास सांगितले. १०८ ची गाडी आली. तेथे पोहोचल्यावर अतिदक्षता विभागातील एक सिस्टर पुढे आल्या. वय असेल पस्तीसच्या आसपास. त्यांनी मशीनची वाट पाहिली नाही. मनगटावरचे घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट छातीकडे पाहत श्वास मोजले. ते चौतीस भरले. पाय चाचपून पाहिले, ते गार पडले होते. लघवीची पिशवी उचलून पाहिली आणि आम्हाला विचारले, "ही शेवटची केव्हा रिकामी केली?" नंतर डॉक्टरांना चारच वाक्ये सांगितली. ऑपरेशनचा दुसरा दिवस, श्वास चौतीस, शुद्ध हरपत चालली आहे, लघवी जवळजवळ बंद आहे, रक्तात जंतुसंसर्ग झालेला वाटतो. पुढची चक्रे त्या चार वाक्यांनी फिरली. रक्त तपासणीला गेले, सलाईन सुरू झाले आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन पहिल्या तासाच्या आत गेले. तेरा दिवसांनी आत्याबाई घरी आल्या.

नंतर आम्ही त्या सिस्टरांना सहज विचारले, तेव्हा कळले की नर्सिंगची पदवी घेतल्यावर त्यांनी क्रिटिकल केअरचा आणखी एक वर्षाचा अभ्यास केला होता. पहिल्या दवाखान्यातील मुलगी मात्र बारावीपर्यंत शिकलेली होती व रात्रपाळीला चौदा रुग्णांसाठी एकटी होती. तिला दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. तिला कोणी काही शिकविलेच नव्हते. परंतु पांढरा कोट दोघींच्याही अंगावर होता आणि आम्ही दोघींनाही सिस्टरच म्हणत होतो, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

विशेषज्ञ परिचारिका म्हणजे कोण?

परदेशात अशा परिचारिकेला क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट असे म्हणतात. अमेरिकेत १९५४ साली रटगर्स विद्यापीठात हिल्डगार्ड पेप्लॉ या विदुषींनी मानसोपचार शुश्रूषेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, तेव्हापासून ही कल्पना रूढ झाली. एकाच प्रकारच्या रुग्णांच्या शुश्रूषेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेली परिचारिका, असा तिचा साधा अर्थ. ती स्वतः रुग्ण पाहते, इतर परिचारिकांना शिकविते आणि वॉर्डात चुका कोठे होतात हे शोधून त्या बंद करते. तातडीच्या व गंभीर आजाराच्या रुग्णांसाठी हेच काम करणारी ती ॲक्यूट केअरची विशेषज्ञ.

गंभीर रुग्णांना एका ठिकाणी ठेवून त्यांच्याजवळ सतत माणूस ठेवण्याची आजची पद्धत फार जुनी नाही. १९५२ साली डेन्मार्कमधील कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू निकामी झालेल्या मुलांना वाचविण्यासाठी डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी घशातील नळीवाटे हाताने पिशवी दाबून श्वास देण्याचा मार्ग काढला. यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून पिशव्या दाबत राहिले. अतिदक्षता विभागाचा उगम तेथे झाला असे मानतात. म्हणजे या विभागात यंत्रे पुढे भरपूर आली, परंतु सुरुवात झाली ती उशाशी बसलेल्या माणसापासून.

आपल्याकडेही हे उदाहरण आहे आणि ते त्याहून जुने आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा सावित्रीबाई फुले यांनी आपले डॉक्टर पुत्र यशवंत यांच्यासह हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले. मुलगा वाचला, परंतु त्या स्वतः प्लेगने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याहीपूर्वी भगवान बुद्धांनी अतिसाराने आपल्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला आनंदाच्या मदतीने आपल्या हातांनी स्नान घातले, ही कथा विनयपिटकात आहे. चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुणही तेथे सांगितलेले आहेत. त्याला औषध तयार करता यावे, पथ्य व अपथ्य कळावे, त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि रुग्णाच्या मनाला उभारी द्यावी. यातील पहिले दोन गुण ज्ञानाचे आहेत, हे विशेष. नुसती माया पुरत नाही, विद्याही लागते.

शिक्षणाच्या पायऱ्या

आपल्या देशात बहुतेक रुग्णालयांत क्लिनिकल नर्स स्पेशालिस्ट अशी पाटी कोठे दिसणार नाही. म्हणून पाटी न शोधता शिक्षण शोधावे लागते. त्याच्या पायऱ्या अशा आहेत.

एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावपातळीवरील आरोग्यसेवा, बाळंतपण व लसीकरण हे या भगिनींचे मुख्य क्षेत्र, आणि तेथे त्यांचे काम मोलाचे आहे. जीएनएम हा तीन वर्षांचा डिप्लोमा. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. जीएनएम झालेल्यांना दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. या पायरीपर्यंतची परिचारिका सर्वसाधारण वॉर्डासाठी तयार असते.

याच्या पुढच्या तीन पायऱ्या आपल्या विषयाच्या आहेत. पहिली, क्रिटिकल केअर नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा. दुसरी, एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षांची. यात मेडिकल सर्जिकल हा विषय घेऊन हृदयरोग किंवा क्रिटिकल केअर अशी शाखा निवडता येते. तिसरी पायरी नवी आहे. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६-१७ च्या सुमारास नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आणला. यात वर्गापेक्षा प्रत्यक्ष अतिदक्षता विभागातील काम जास्त असते. परदेशात जिला विशेषज्ञ म्हणतात, तिच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडील परिचारिका हीच.

शिक्षणाबरोबर नोंदणीही पाहिजे. महाराष्ट्रात काम करणाऱ्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. तिला क्रमांक मिळतो व त्याचे मुदतीत नूतनीकरण करावे लागते. परिचारिकांची देशपातळीवरील नोंदवहीही आहे. आमच्या भाषेत सांगायचे तर पदवी म्हणजे खाते उघडल्याचा पुरावा आणि नूतनीकरण म्हणजे खाते चालू असल्याचा पुरावा. दोन्ही पाहावेत.

बेलापूरहून शोध कोठे घ्यावा?

आपल्या बेलापूरला किरकोळ आजारासाठी सोय आहे, श्रीरामपूरला त्याहून अधिक आहे. परंतु विशेष शिक्षण घेतलेल्या परिचारिका साधारणपणे जेथे नर्सिंग शिकविले जाते तेथेच अधिक सापडतात. कारण शिकविण्यासाठी एम.एस्सी. झालेल्या शिक्षिका तेथे लागतात. या दृष्टीने आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे लोणी. तेथे प्रवरेच्या संस्थेत वैद्यकीय महाविद्यालयाबरोबर नर्सिंग महाविद्यालयही आहे. अहिल्यानगरजवळ विळद घाटातही नर्सिंग महाविद्यालय व रुग्णालय आहे. अहिल्यानगरला शासकीय जिल्हा रुग्णालय आहे, शिर्डीला साईबाबा संस्थानचे रुग्णालय आहे. त्यापुढे नाशिक, छत्रपती संभाजीनगर व पुणे. कोणत्या ठिकाणी कोणत्या दिवशी खाट रिकामी आहे हे मात्र निघण्यापूर्वी फोन करूनच ठरवावे.

१०८ ला फोन करताना एक काळजी घ्यावी. आपल्या गावाच्या नावाचे रेल्वे स्टेशन श्रीरामपुरात आहे आणि नवी मुंबईतही एक बेलापूर आहे. शिवाय आपले बुद्रुक वेगळे आणि खुर्द वेगळे. फोन घेणारा आपल्या गावचा नसतो. म्हणून गाव, तालुका, जिल्हा व जवळची खूण सांगावी, आणि रुग्णाला श्वासाचा त्रास असेल किंवा शुद्ध नसेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. कारण या सेवेत साध्या व अधिक साधनांच्या अशा दोन प्रकारच्या गाड्या असतात.

खर्चाचा प्रश्न येतोच. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती करतानाच रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन त्यांना भेटावे. बिल झाल्यावर भेटून उपयोग होत नाही.

विचारावयाचे पाच प्रश्न

भरती करताना आपण घाबरलेले असतो आणि विचारले तर डॉक्टर रागावतील अशी भीतीही असते. परंतु नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाचा चांगल्या रुग्णालयाला राग येत नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावावयाची असते. ती तेथे दिसते का, हे आधी पाहावे. मग पुढील प्रश्न विचारावेत.

पहिला, रात्रपाळीला आमच्या रुग्णाकडे कोण असेल आणि तिच्याकडे आणखी किती रुग्ण असतील? व्हेंटिलेटरवरील रुग्णाला एकास एक परिचारिका असावी, हे मानलेले प्रमाण आहे. हा आकडा किती महत्त्वाचा आहे याचा अभ्यास लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांत केला व तो २००२ साली प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की ऑपरेशन झालेल्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याचा संभव सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले. एका रुग्णाने एवढा फरक पडत असेल, तर चौदा रुग्णांवर एकटी मुलगी ठेवली असता काय होईल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

दुसरा, विभागाच्या प्रमुख सिस्टर कोण आहेत, त्यांचे शिक्षण काय, आणि अतिदक्षता विभागात किती वर्षे काम केले आहे? सर्वच परिचारिका विशेषज्ञ असणे शक्य नाही. परंतु प्रत्येक पाळीला निदान एक जाणती असली पाहिजे.

तिसरा, नोंदी किती वेळाने घेतल्या जातात? येथे थोडी माहिती आपणही ठेवावी. स्वस्थ पडलेल्या प्रौढ माणसाचा श्वास मिनिटाला १२ ते २० असतो, नाडी ६० ते १०० असते. लघवी तासाला वजनाच्या दर किलोमागे साधारण अर्धा मिलिलीटर तरी व्हावी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला तीस मिलिलीटर. प्रकृती ढासळू लागली की पुष्कळदा रक्तदाब कोसळण्याच्या कितीतरी आधी श्वास वाढतो. म्हणूनच इंग्लंडमध्ये २०१२ साली तेथील डॉक्टरांच्या रॉयल कॉलेजने श्वास, नाडी, रक्तदाब, ताप, रक्तातील ऑक्सिजन व शुद्ध यांना गुण देऊन धोका आधी ओळखण्याची पद्धत घालून दिली. त्यात श्वासाच्या नोंदीला महत्त्वाचे स्थान आहे. आणि हीच नोंद सर्वांत जास्त वेळा अंदाजाने लिहिली जाते, असे जाणकार सांगतात.

चौथा, रुग्ण बिघडला तर सिस्टर कोणाला कळवितात व ते किती मिनिटांत येतात? बिघाड ओळखणे हे अर्धे काम, तो ठामपणे कळविणे हे उरलेले अर्धे. डॉक्टरांना रात्री उठविण्याची भीती जिला वाटते, तिचे ज्ञान रुग्णाच्या उपयोगी पडत नाही.

पाचवा प्रश्न विचारावयाचा नसून पाहावयाचा आहे. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतात का? व्हेंटिलेटरवरील रुग्णाचे डोके उंच ठेवले आहे का? न हलणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलतात का? भेटीच्या वेळेत दहा मिनिटे शांतपणे उभे राहिले तरी हे दिसते. नळीवाटे होणारा न्यूमोनिया व पाठीच्या जखमा यांपासून रुग्णाला वाचविणाऱ्या गोष्टी याच आहेत आणि त्यांना कोणतीही महाग मशिनरी लागत नाही.

घरी आणल्यानंतर परिचारिका ठेवावयाची असल्यास अधिक सावध राहावे. शहरातील ब्युरोंकडून येणाऱ्यांत पुष्कळदा आया किंवा मदतनीस असतात. अंघोळ घालणे व भरविणे यासाठी त्या चांगल्याच असतात. परंतु गळ्यात नळी असेल, ऑक्सिजन चालू असेल किंवा शिरेतून औषध द्यावयाचे असेल तर नोंदणी झालेलीच परिचारिका मागावी व नोंदणी क्रमांक लिहून घ्यावा.

अशा परिचारिका कमी का?

याचे कारण उघड आहे. तेवढे शिकलेल्या मुलीला गावात तेवढा पगार मिळत नाही, म्हणून ती पुण्या-मुंबईला जाते, तेथून आखाती देशांत किंवा इंग्लंडला जाते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार नेमलेल्या समितीने पन्नास खाटांपेक्षा लहान खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला निदान २०,००० रुपये महिना मिळावा, अशी शिफारस केली होती. आपल्या आसपास त्याची अंमलबजावणी किती झाली आहे, हे ज्यांच्या मुली या नोकरीत आहेत त्यांना विचारावे. बिलातील दोनशे रुपये कमी करण्यासाठी आपण घासाघीस करतो, परंतु त्या दवाखान्यातील सिस्टरला काय पगार मिळतो हे कधी विचारत नाही. स्वस्त शुश्रूषेची किंमत शेवटी रुग्णालाच मोजावी लागते.

दुसरे कारण आपल्या मनात आहे. मुलगी डॉक्टर व्हावी असे प्रत्येकाला वाटते, परंतु नर्स होते म्हटले की अजूनही कोठे कोठे नाक मुरडतात. दुसऱ्याची घाण काढण्याचे काम हलके, ही समजूत त्यामागे आहे. ही समजूत कोणाच्या डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादली गेली हे आपल्याला कोणी सांगावयास नको, आणि म्हणूनच आपण तरी ती बाळगू नये. आत्याबाईंचे ड्रेसिंग करणारे हात विद्येचे हात होते. आता मुलगेही या क्षेत्रात येत आहेत, त्यांना ब्रदर म्हणतात. बारावी विज्ञान जीवशास्त्रासह झालेल्या मुलामुलींना प्रवेश परीक्षा देऊन बी.एस्सी. नर्सिंगला जाता येते, इतर शाखांच्या मुलांना जीएनएमचा मार्ग खुला आहे. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेवर भरले तर पैशाअभावी कोणी मागे राहू नये.

शेवटी एक सूचना कराविशी वाटते. आपल्या वस्त्यांतील कोणाकोणाच्या मुली, सुना व मुले नर्सिंग शिकलेली आहेत आणि कोणत्या गावी नोकरीस आहेत, याची एक वही आपल्या संस्थेने ठेवावी. त्यांची संमती घेऊनच नावे लिहावीत. अडचणीच्या रात्री कोठे जावे व कोणाला विचारावे, हे फोनवर सांगणारे एक जाणते माणूस मिळाले तरी अर्धा धीर येतो. आम्हाला त्या रात्री असे कोणी नव्हते. तक्त्यावरची सहाची नोंद सव्वापाचला दिसली, म्हणून केवळ आत्याबाई वाचल्या. इतरांचा जीव अशा योगायोगावर अवलंबून राहू नये. ही वही सुरू झाल्यास ती लिहून काढण्याचे व दरवर्षी तपासण्याचे काम आम्ही आनंदाने करू, कारण तेवढे एक काम आम्हाला नक्की येते.